अमाइनचा क्रम पाठ करण्याआधी द्रावक विचारा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या शिक्षण पुरवणीत बारावी आणि प्रवेश परीक्षांसाठी रसायनशास्त्राचे जे सदर चालते, त्यात अमाइनच्या (अमोनियातल्या हायड्रोजनच्या जागी कार्बनचे गट बसून होणाऱ्या पदार्थांच्या) आम्लारीधर्माविषयी, म्हणजे प्रोटॉन ओढून घेण्याच्या ताकदीविषयी, दोन विधाने छापून आली. ‘नायट्रोजनवर अल्काइल गट जितके जास्त, तितका अमाइन तीव्र आम्लारी’ हे पहिले; अल्काइल म्हणजे मिथाइल, इथाइलसारखे कार्बन-हायड्रोजनचे गट. ‘टर्शरी अमाइनमध्ये गटांची गर्दी असल्याने प्रोटॉन नायट्रोजनपर्यंत पोहोचू शकत नाही, म्हणून तो अपवाद’ हे दुसरे; असा एक गट असलेला अमाइन प्राथमिक, दोन असलेला द्वितीयक, तीन असलेला टर्शरी म्हणजे तृतीयक. पहिले विधान अर्धवट आहे, दुसरे चूक आहे. ही दोन्ही वाक्ये शिकवण्यांच्या नोट्समधून वर्षानुवर्षे फिरत आहेत, त्यामुळे दोष एकट्या सदरलेखकाचा नाही. पण वर्तमानपत्रात छापून आले की पोरे ते प्रमाण मानतात. म्हणून थोडे सविस्तर लिहितो आहोत.

आधी आकड्यांचा अर्थ. अमाइन प्रोटॉन किती घट्ट धरतो हे सांगायला त्याच्या प्रोटॉनयुक्त रूपाचा पीकेए देतात. द्रावणाचा सामू (पीएच) बरोबर त्या आकड्याएवढा असला की निम्मे रेणू प्रोटॉन धरून असतात आणि निम्मे मोकळे. आकडा एकने वाढला की पकड दहापट. पाठ्यपुस्तकात बहुधा पीकेबी (जितका लहान तितका आम्लारी तीव्र) दिलेला असतो. २५ अंश सेल्सिअसला तो १४ मधून वजा केला की पीकेए मिळतो. पाण्यात, २५ अंशांना, अमोनियाचा पीकेए ९.२५, मिथाइल अमाइनचा १०.६४, डायमिथाइल अमाइनचा १०.७३ आणि ट्रायमिथाइल अमाइनचा ९.८०. म्हणजे पहिल्या मिथाइल गटाने पकड जवळजवळ पंचवीसपट वाढवली, दुसऱ्याने नावापुरती, आणि तिसऱ्याने उलट खाली आणली. ‘गट जास्त तितका तीव्र’ हा नियम इथेच तिसऱ्या पायरीवर घसरतो, आणि मग त्याला टेकू म्हणून गर्दीचे कारण जोडले जाते.

आता पाणी काढून टाकू. हेच चार पदार्थ वायुरूपात, आजूबाजूला द्रावकाचा एकही रेणू नसताना, प्रोटॉन घेतात तेव्हा किती ऊर्जा सुटते ते मोजलेले आहे. दर मोलला अमोनिया सुमारे ८५४ किलोज्यूल, मिथाइल अमाइन ८९९, डायमिथाइल अमाइन ९२९, ट्रायमिथाइल अमाइन ९४९. चढता क्रम अगदी सरळ आहे आणि ट्रायमिथाइल अमाइन सगळ्यांत वर आहे. गटांची गर्दी तर वायुरूपातही तेवढीच असते, रेणू काही बदललेला नाही. गर्दीमुळे प्रोटॉनला वाट मिळत नसती, तर ती तिथेही मिळाली नसती. एवढ्या एका तुलनेने दुसरे विधान निकालात निघते.

प्रोटॉनला जागा लागतेच किती? तो नुसता अणुकेंद्रक आहे. तीन मिथाइल गटांमधून तो सहज आत जातो. गर्दीचा मुद्दा आणखी ताणून पाहायचा तर दोन उदाहरणे पुरेत. क्विन्युक्लिडिनमध्ये नायट्रोजनवरच्या तिन्ही साखळ्या मागे ओढून एकत्र बांधलेल्या असतात, नायट्रोजन पुढून उघडा असतो. त्याचा पीकेए ११च्या आसपास. ट्रायइथाइल अमाइनमध्ये त्याच साखळ्या मोकळ्या हलतात आणि नायट्रोजनला झाकतात, त्याचा पीकेए १०.७५. फरक पाव एककाचा. मिथाइल आयोडाइडसारख्या मोठ्या रेणूवर हल्ला करायचा असेल तर मात्र क्विन्युक्लिडिन खूपच वेगवान ठरतो, कारण तिथे जागेचा प्रश्न खराखुरा आहे. आम्लारी म्हणून ताकद आणि केंद्रकस्नेही (दुसऱ्या रेणूतल्या कार्बनवर हल्ला करणारा) म्हणून वेग या दोन गोष्टींची सरमिसळ या नोट्समध्ये झालेली दिसते.

दुसरे उदाहरण ‘प्रोटॉन स्पंज’चे. नॅफ्थलिनच्या १ आणि ८ या शेजारच्या जागांवर दोन डायमिथाइलअमिनो गट बसवले की ते एकमेकांना अक्षरशः खेटतात. १९६८ मध्ये अल्डर आणि सहकाऱ्यांनी त्याचा पीकेए मोजला तो १२च्या वर निघाला. साध्या डायमिथाइल ॲनिलिनचा पीकेए ५.१ आहे, म्हणजे गर्दीने ताकद कमी होण्याऐवजी सुमारे कोटीपट वाढली. दोन नायट्रोजनांच्या एकाकी इलेक्ट्रॉन जोड्या समोरासमोर अडकून एकमेकींना ढकलत असतात. प्रोटॉन मध्ये आला की तो दोघांनी वाटून घेतला जातो आणि ताण सुटतो.

मग पाण्यात ट्रायमिथाइल अमाइन खाली का येतो? उत्तर मोकळ्या अमाइनकडे पाहून मिळत नाही, प्रोटॉन घेतल्यावर तयार होणाऱ्या आयनाकडे पाहावे लागते. अमोनियम आयनावर नायट्रोजनला जोडलेले चार हायड्रोजन असतात. प्रत्येकाला पाण्याचा एक रेणू हायड्रोजन बंधाने धरतो, आणि आयनाचा धनप्रभार पाण्यात विखुरला जातो. मिथाइल अमाइनच्या आयनावर असे तीन हायड्रोजन, डायमिथाइलच्या आयनावर दोन, ट्रायमिथाइलच्या आयनावर एकच. म्हणजे प्रत्येक मिथाइल गट एका हाताने इलेक्ट्रॉन देतो आणि दुसऱ्या हाताने पाण्याचा एक आधार काढून घेतो. पहिल्या पायरीला देणे जास्त, दुसऱ्या पायरीला दोन्ही जवळजवळ बरोबरीत, तिसऱ्या पायरीला घेणे जास्त. गटांच्या गर्दीचे काही काम असलेच तर ते इथे आहे: पाण्याला त्या उरलेल्या हायड्रोजनभोवती नीट जमू न देणे. अडचण पाण्याला होते, प्रोटॉनला नाही.

पाणी किती मोठा वाटा उचलते याचा हिशेब विद्यार्थ्यांनी एकदा तरी स्वतः मांडावा. २५ अंशांना पीकेएचे एक एकक म्हणजे मोलला सुमारे ५.७ किलोज्यूल. वायुरूपात अमोनिया आणि ट्रायमिथाइल अमाइन यांच्यात ९५ किलोज्यूलचे अंतर आहे. हे सगळे अंतर पाण्यात तसेच टिकले असते, तर दोघांच्या पीकेएत सोळा-सतरा एककांचा फरक दिसला असता. प्रत्यक्षात दिसतो ०.५५. आणखी एक मोजमाप बोलके आहे. पाण्यात अमोनियाने प्रोटॉन घेतला की मोलला सुमारे ५२ किलोज्यूल उष्णता सुटते, ट्रायमिथाइल अमाइनने घेतला की ३७. नुसती उष्णता पाहिली तर पाण्यात ट्रायमिथाइल अमाइन अमोनियापेक्षाही दुबळा ठरेल. त्याच्या आयनाभोवती पाण्याचे रेणू कमी बांधले जातात, म्हणून उष्णता कमी सुटते आणि एन्ट्रॉपीचा (अव्यवस्थेचा) तोटाही कमी होतो. या दुसऱ्या गोष्टीच्या जोरावर तो पीकेएत अमोनियाच्या वर राहतो.

याच कारणाने द्रावक बदलला की क्रम बदलू शकतो. क्लोरोबेन्झीन हायड्रोजन बंधाने आयनाला आधार देत नाही. त्यात ब्युटाइल अमाइनांचा क्रम प्राथमिक, त्यावर द्वितीयक, सर्वांत वर तृतीयक असा सरळ लागतो. पाण्यात त्याच तिघांत द्वितीयक वर आणि तृतीयक खाली. तेव्हा ‘कोणता अमाइन जास्त तीव्र’ या प्रश्नात द्रावकाचे नाव नसेल, तर प्रश्नच अपुरा आहे. सदरातल्या सरावप्रश्नांपैकी एकातही ‘जलीय द्रावणात’ हे शब्द नव्हते.

आता इथाइल मालिकेबद्दल, कारण परीक्षार्थींचा सर्वाधिक वेळ तिथे जातो. मिथाइलमध्ये द्वितीयक, प्राथमिक, तृतीयक, अमोनिया हा क्रम. इथाइलमध्ये द्वितीयक, तृतीयक, प्राथमिक, अमोनिया. दोन वेगळे क्रम पाठ करायचे आणि अदलाबदल करायची नाही, ही पोरांची मोठी डोकेदुखी. राष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या बारावीच्या पुस्तकात ट्रायइथाइल अमाइनचा पीकेबी ३.२५ आणि इथाइल अमाइनचा ३.२९ दिला आहे. फरक ०.०४. ताकदीच्या भाषेत जेमतेम दहा टक्के, ऊर्जेच्या भाषेत मोलला पाव किलोज्यूलहून कमी. वेगवेगळ्या संदर्भकोशांत एकाच अमाइनचे आकडे याहून जास्त हलतात. अशा दोन पदार्थांचा क्रम विचारून चार पर्याय द्यायचे आणि चुकले की गुण कापायचे, यात रसायनशास्त्राची परीक्षा होत नाही. मिथाइल आणि इथाइलमध्ये फरक का पडतो हे विचारले तर गोष्ट वेगळी: इथाइल गट जास्त इलेक्ट्रॉन देतो आणि धनप्रभाराला जवळून जास्त आधार देतो, त्यामुळे तिसऱ्या पायरीचा तोटा बराचसा भरून निघतो.

ॲनिलिनच्या बाबतीत सदरातले विवेचन ठीक आहे. सायक्लोहेक्झाइल अमाइन १०.६ आणि ॲनिलिन ४.६, दहा लाखपट फरक, आणि तो नायट्रोजनची जोडी बेन्झीन वलयात गुंतल्यामुळे. पॅरा जागी नायट्रो गट आला की आकडा १.० वर येतो, ऑर्थो जागी आला की शून्याखाली. पण त्याच ओघात पिरिडिनलाही (बेन्झीनसारख्या वलयातच नायट्रोजन असलेल्या पदार्थाला) ‘जोडी वलयात गुंतलेली’ म्हटले आहे, ते बरोबर नाही. पिरिडिनची जोडी वलयाच्या प्रतलात बाहेर तोंड करून असते, ती सुगंधी षटकात (वलयाला स्थैर्य देणाऱ्या सहा इलेक्ट्रॉनांत) भाग घेतच नाही. पिपरिडिनचा (पिरिडिनच्या हायड्रोजनने भरलेल्या रूपाचा) ११.१ आणि पिरिडिनचा ५.२ हा फरक नायट्रोजनच्या संकरणामुळे, म्हणजे कक्षकांच्या मिश्रणामुळे पडतो. एसपी-दोन कक्षकात जोडी केंद्रकाच्या जास्त जवळ, म्हणून जास्त घट्ट धरलेली. वलयात खरोखर गुंतलेली जोडी पिरोलची, आणि म्हणूनच पिरोलला व्यवहारात आम्लारी म्हणता येत नाही. उलट टोकाला ग्वानिडिन, पीकेए १३.६. त्याच्यात गुंतणे आम्लारीपणाला मदत करते, कारण प्रोटॉन घेतल्यावरचा प्रभार तीन नायट्रोजनांत सारखा वाटला जातो. गुंतल्याने मोकळा रेणू स्थिर होतो की आयन, हे न पाहता ‘गुंतला म्हणजे दुबळा’ असे लिहिणे धोक्याचे.

हे सगळे फळ्यावर सांगण्यापेक्षा मोजून दाखवणे सोपे आहे, आणि कनिष्ठ महाविद्यालयाच्या कोणत्याही प्रयोगशाळेत जमण्यासारखे आहे. लागतो एक सामूमापक, एक ब्युरेट आणि चुंबकीय ढवळणी. अमोनिया, मोनोइथॅनॉल अमाइन, ट्रायइथॅनॉल अमाइन, डायइथाइल अमाइन आणि ट्रायइथाइल अमाइन हे पाच पदार्थ घ्यावेत. ॲनिलिन मुद्दाम वगळावे. ते कातडीतून शरीरात शिरते आणि रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता बिघडवते. शिवाय त्याच्या वक्रात उडी इतकी पसरट येते की आकडा धड वाचता येत नाही.

प्रत्येकाचे ०.१ मोलर द्रावण २५० मिलि करायचे. २५ टक्क्यांचे लायकर अमोनिया सुमारे १.९ मिलि, मोनोइथॅनॉल अमाइन १.५ मिलि, डायइथाइल अमाइन २.६ मिलि, ट्रायइथाइल अमाइन ३.५ मिलि. ट्रायइथॅनॉल अमाइन मधासारखा दाट, पिपेटच्या आतच चिकटून राहतो, तो ३.७३ ग्रॅम वजन करूनच घ्यावा. पाणी आधी उकळून, झाकून गार केलेले हवे. ट्रायइथाइल अमाइनची एक गंमत विद्यार्थ्यांना जरूर दाखवावी: सुमारे साडेअठरा अंशांच्या खाली तो पाण्यात कोणत्याही प्रमाणात मिसळतो आणि त्यावर तापवले की दोन थर सुटतात, साखरमिठाच्या अगदी उलट. आपले द्रावण जेमतेम एक टक्क्याचे असल्याने ते उन्हाळ्यातही एकजीव राहते, पण विरघळायला वेळ घेते. वर तेलकट तवंग दिसत असेल तोवर मोजमाप सुरू करू नये.

हायड्रोक्लोरिक आम्ल ०.१ मोलर, आणि ते सोडियम कार्बोनेटने तपासलेले. कोरड्या भाजलेल्या सोडियम कार्बोनेटचे ०.१३२५ ग्रॅम बरोबर २५ मिलि आम्ल खाते. सामूमापक ६.८६ आणि ९.१८ या दोन बफरवर (सामू ठरलेला असलेल्या द्रावणांवर) बसवावा. दुसरा बफर घरचा करता येतो: ०.९५ ग्रॅम बोरॅक्स २५० मिलि पाण्यात. मात्र तो उघडा राहिला की हवेतला कार्बन डायऑक्साइड पितो आणि खाली घसरतो. दर आठवड्याला नवा करावा.

चंचुपात्रात २५ मिलि अमाइन घेऊन ब्युरेटमधून एकेक मिलि आम्ल सोडायचे आणि प्रत्येक वेळी आकडा स्थिर झाला की लिहायचा. २२ मिलिपासून पुढे ०.२ मिलिच्या टप्प्याने जावे. सामू सर्वांत वेगाने जिथे कोसळतो तो अंतिम बिंदू. त्या घनफळाच्या निम्म्यावर वक्रात जो सामू दिसेल तो पीकेए. या संहतीला आयनांच्या परस्पर ओढीमुळे वाचन सुमारे ०.०८ ने जास्त येते, तेवढे वजा करावे. २५ अंशांना अपेक्षित आकडे: अमोनिया ९.२५, मोनोइथॅनॉल अमाइन ९.५, ट्रायइथॅनॉल अमाइन ७.८, डायइथाइल अमाइन १०.८, ट्रायइथाइल अमाइन १०.७ ते १०.८. शेवटच्या दोघांतला फरक शाळेच्या मापकाला दिसणार नाही, आणि तो दिसत नाही हेच विद्यार्थ्याने वहीत नोंदवले तर आम्ही पूर्ण गुण देऊ. याउलट ट्रायइथाइल आणि ट्रायइथॅनॉल अमाइन यांच्यातले तीन एककांचे अंतर लपणार नाही. साखळीच्या टोकाला एकेक ऑक्सिजन आला, त्याने इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढले, आणि पकड जवळजवळ हजारपट ढिली झाली.

चुका कुठे होतात? सर्वांत जास्त दर्शकाच्या (रंग बदलून अंतिम बिंदू दाखवणाऱ्या द्रव्याच्या) निवडीत. आम्लारी म्हटले की हात फिनॉल्फ्थॅलीनकडे जातो. त्याचा रंग सामू ८.३ ला पुरता जातो, पण तोवर ट्रायइथॅनॉल अमाइनचा जेमतेम पाव भाग उदासीन झालेला असतो. अमोनियात तो अर्ध्या वाटेपासून हळूहळू फिका पडत जातो आणि नक्की कधी गेला ते दोन जणांना दोन वेगळ्या ठिकाणी वाटते. अंतिम बिंदूला अमोनियाचा सामू ५.३च्या आसपास, ट्रायइथॅनॉल अमाइनचा ४.५ आणि डायइथाइल अमाइनचा सहाच्या जरा वर. म्हणून मिथाइल रेड घ्यावा, ट्रायइथॅनॉल अमाइनला ब्रोमोक्रेसॉल ग्रीन.

दुसरी चूक जुन्या बाटलीची. वर्षभर अर्धी भरलेली डायइथाइल अमाइनची किंवा इथॅनॉल अमाइनची बाटली हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन बसलेली असते. काही भाग कार्बामेट, काही बायकार्बोनेट झालेला असतो. अशा द्रावणाच्या वक्रात सामू ६च्या थोडा वर एक जादा खांदा दिसतो. उकळून तो घालवता येत नाही, कारण त्याबरोबर अमाइनही उडून जातो. नवी बाटली उघडणे हाच उपाय. तिसरी चूक वेळेची: अमोनिया आणि डायइथाइल अमाइन उघड्या पात्रात ढवळत ठेवून चहा घेऊन यावे, तर परत येईपर्यंत काही भाग हवेत गेलेला असतो आणि अंतिम बिंदू लवकर येतो. निम्म्या घनफळाची गणना त्याच प्रमाणात फसते.

चौथी गोष्ट तापमानाची, आणि ती आपल्याकडे सर्वांत दुर्लक्षित. पुस्तकातले आकडे २५ अंशांचे. सोलापूर-नागपूरकडे फेब्रुवारी-मार्चच्या दुपारी प्रयोगशाळेत सहज ३५ अंश असतात. प्रोटॉन घेताना उष्णता सुटते, त्यामुळे तापमान वाढले की अमाइन प्रोटॉन सोडायला जास्त तयार होतो. अमोनियाचा पीकेए दर अंशाला सुमारे ०.०३ ने उतरतो. ३५ अंशांना तो ८.९५ असतो. विद्यार्थ्याला ८.९५ मिळाला आणि परीक्षकाने ९.२५ नाही म्हणून गुण कापले, तर चूक परीक्षकाची. सामूमापकावरचे तापमान-भरपाईचे बटण इथे कामाचे नाही. ते फक्त इलेक्ट्रोडचा उतार सुधारते, पदार्थाचा पीकेए ते कसा बदलणार? पाण्याचा स्वतःचा स्थिरांकही ३५ अंशांना १४ नसून १३.६८ असतो, म्हणजे पीकेएवरून पीकेबी काढताना तिथेही एककाच्या तिसऱ्या हिश्शाएवढी चूक शिरते. सिरक्यातल्या ॲसिटिक आम्लाचा पीकेए तापमानाने जवळजवळ हलत नाही, त्यामुळे आम्लांचे प्रयोग करून सवय झालेल्यांच्या हे लक्षात येत नाही.

सुरक्षिततेचे दोन शब्द. डायइथाइल आणि ट्रायइथाइल अमाइन दोन्ही शून्याखालच्या तापमानालाही पेट घेण्याइतकी वाफ देतात. बर्नर बंद, धूरकपाट चालू, तोंडाने पिपेट ओढणे नाही. अमाइनच्या कसोट्यांसाठी सोडियम नायट्राइटची बाटली बहुधा त्याच फळीवर असते. डायइथाइल अमाइन तिच्यापासून लांब ठेवावे आणि सांडपाणीही वेगळे टाकावे. द्वितीयक अमाइन, नायट्राइट आणि आम्ल एकत्र आले की नायट्रोसअमाइन बनते, आणि त्या वर्गातले बरेच पदार्थ प्राण्यांत कर्करोगजन्य ठरले आहेत.

परीक्षेबाहेर याचा उपयोग काय, असे विचारणाऱ्यांना दंतवैद्याकडचे उदाहरण द्यावे. भूल देण्याचे औषध लिग्नोकेन हा तृतीयक अमाइन आहे, नायट्रोजनवर दोन इथाइल गट. पण जवळच अमाइड गट असल्याने इलेक्ट्रॉन तिकडे ओढले जातात आणि पीकेए ट्रायइथाइल अमाइनसारखा १०.७ न राहता ७.९ होतो. मज्जातंतूच्या आवरणातून आत शिरते ते मोकळे, प्रोटॉन नसलेले रूप. शरीराच्या ७.४ सामूला शंभरातले सुमारे २४ रेणू मोकळे असतात. पू झालेल्या, सुजलेल्या हिरडीत सामू खाली येतो, तो ६.४ वर आला तर मोकळे फक्त तीन उरतात. सुजलेल्या दाताला भूल नीट लागत नाही त्याचे हे एक कारण. लिग्नोकेनसोबत ॲड्रेनॅलिन असले की ते टिकावे म्हणून इंजेक्शन आम्लधर्मी ठेवलेले असते, त्यामुळे टोचताना झोंबते. काही डॉक्टर दहा मिलि लिग्नोकेनला एक मिलि ८.४ टक्के सोडियम बायकार्बोनेट टोचण्याच्या अगदी आधी मिसळतात, तेही प्रोटॉन काढून घेण्यासाठीच. प्रमाण ओलांडले तर मोकळे रूप पाण्यात न मावता गढूळ होऊन खाली बसते.

आणि किनाऱ्यावरच्या वाचकांसाठी एक. मासळीचा तो ओळखीचा वास मुख्यतः ट्रायमिथाइल अमाइनचा. ६.८ सामूच्या मांसात त्याचे हजारातले एक रेणू मोकळे, तेवढेच नाकाला पुरतात. कोकमाच्या आगळाने किंवा लिंबाने सामू तीनवर आणला की ६३ लाखांत एक मोकळा उरतो, बाकीचे आयन होऊन पाण्यातच राहतात. खाण्याच्या सोड्याने धुतले तर सामू आठच्या वर जाऊन वास सुमारे तीसपट उसळतो. पण कोकमाने वास गेला म्हणून बांगडा ताजा झाला असे समजू नये. शिळ्या बांगड्यात साठणारे हिस्टामाइन हाही अमाइनच आहे. ते आंबटाने नष्ट होत नाही, शिजवूनही नाही, आणि त्याला मासळीचा वासही नसतो.

आपल्याकडे विनंती एवढीच. पुढच्या पुरवणीत वरील दोन विधानांची दुरुस्ती छापावी, पिरिडिनची ओळ सुधारावी, आणि सरावप्रश्नांत यापुढे ‘जलीय द्रावणात, २५ अंश सेल्सिअसला’ हे शब्द घालावेत. त्या सदराच्या उत्तरसूचीत ‘टर्शरी अमाइनमध्ये प्रोटॉनला जागा नाही’ हा पर्याय बरोबर धरला आहे. तो काढून ‘टर्शरी अमाइनच्या आयनाला पाण्याचा आधार कमी मिळतो’ असा करावा.

आपले,
रसायनशास्त्राचे काही शिक्षक, सोलापूर